स्प्रिंगांची पेटी आणि विजेची गुणगुण

आमच्या घरात 'पेटी' म्हटले की ती भात्याची, सुरांची पेटी. दिवाळीच्या आधी ती माळ्यावरून खाली येई, तिच्यावरची धूळ झटकली जाई, आणि पाडव्याला आत्याच्या नाट्यगीतांना साथ करून ती पुन्हा माळ्यावर जाई. परंतु आज ज्या पेटीची हकीगत मी सांगणार आहे, ती निराळी. तिला भाता नाही, पट्ट्या नाहीत. लांबी सुमारे सतरा इंच, रुंदी वीतभरही नाही, उंची दीड इंचाच्या आत. पातळ पत्र्याचा एक डबा, आणि त्यात दोन्ही टोकांना ताणून बसवलेल्या बारीक तारेच्या लांब स्प्रिंगा. जाणकार तिला 'रिव्हर्ब टँक' म्हणतात. टाकी खरी, पण तीत पाण्याचा थेंब नाही. तीत साठवलेला असतो तो निनाद.

ही पेटी माझ्या थोरल्या भावाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होती. दादा हवाईयन गिटार वाजवी. गणेशोत्सवातले मेळे, लग्नाचे स्वागतसमारंभ, गावोगावचे ऑर्केस्ट्रा, जिथे बोलावणे येईल तिथे तो जाई. १९७९ साली बोटीवर वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाकडून त्याने तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला. त्यासाठी वहिनीच्या दोन बांगड्या गहाण पडल्या होत्या. बांगड्या पुढे सुटल्या, पण त्यांची आठवण वहिनी दर दिवाळीला न चुकता काढी, आणि दादा उत्तरादाखल गिटार मांडीवर घेई. त्या अ‍ॅम्प्लिफायरचे 'रिव्हर्ब' लिहिलेले बटण त्याने थोडे फिरवले की आमची दहा बाय बाराची खोली एकदम मोठी होई. स्वर भिंतींच्या पलीकडे कुठेतरी जाऊन सावकाश परत येत आहेत असे वाटे.

दादा जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी नवरात्रात त्याची मुलगी मला म्हणाली, "काका, नरक चतुर्दशीच्या पहाटे बाबांचे सगळे मित्र घरी येणार आहेत. मला त्यांच्यासमोर बाबांच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवायचंय. पण तो रिव्हर्ब लागतच नाही." मी टेलिफोन खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस. तारा आणि जोडण्या हाच माझा जन्माचा धंदा. मीटर लावून पाहिले, तर पेटीच्या एका टोकाचे वेटोळे तुटले होते. केसासारखी तार ती, इतक्या वर्षांत कधीतरी तुटायचीच. मुंबईला लॅमिंग्टन रस्त्यावरच्या एका दुकानदाराला सांगून नवी पेटी मागवली. तीन आठवड्यांनी ती आली. मी ती बसवली, दोन्ही तारा जोडल्या, व्हॉल्व्ह तापू दिले आणि बटण फिरवले.

निनाद आला. पण त्याच्याबरोबर दुसरेही काही आले. कोपऱ्यात भला थोरला भुंगा कोंडून ठेवावा तशी एकसुरी, न थांबणारी गुणगुण. बटण पाचावर नेले की गिटारपेक्षा भुंगाच मोठा. पुतणीचा चेहरा उतरला. वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, हे काय चालू झालं?"

त्या गुणगुणीचा मी आठ दिवस पाठलाग केला. तो करताना एक फार मजेदार इतिहास हाती लागला, आणि तो कळल्यावाचून ती गुणगुण उमगणेही शक्य नव्हते. म्हणून वाचकहो, आधी इतिहास सांगतो. भुंग्याला तोवर तसाच गुणगुणू द्या.

*

निनाद म्हणजे काय, हे समजायला दिवाळीच्या आधीची साफसफाई आठवावी. रंगकामासाठी खोली रिकामी केलेली असते. गाद्या गच्चीवर, पडदे धुवायला, कपाट बाहेर. अशा खोलीत आपण "अगं, चहा झाला का?" म्हटले तर आपलाच आवाज घुमतो. चार दिवसांनी गाद्या-पडदे जागच्या जागी आले की तीच खोली मुकी होते. कड्यासमोर हाक मारल्यावर ती सुटी होऊन परत येते, तो प्रतिध्वनी. आणि भिंतीभिंतींवर आपटून एकमेकांत मिसळलेले असंख्य प्रतिध्वनी विरत विरत जातात, तो निनाद.

गाद्यांचे हे गणित जगात प्रथम नीट मांडले ते वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे एक नवे व्याख्यानगृह बांधले होते. त्यात वक्त्याचा एक शब्द विरण्याआधी पुढचे कित्येक शब्द येऊन त्यावर पडत. ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नसे. १८९५ साली हे दुखणे बरे करण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबाइनवर सोपवण्यात आले. बाहेरची रहदारी थांबली की रात्री तो कामाला लागे. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून व्याख्यानगृहात आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबल्यावर आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत किती वेळ जातो तो मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. आणि पहाटेपूर्वी सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवायच्या. रिकाम्या व्याख्यानगृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. जागा जितकी मोठी तितका निनाद लांब, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड, असा हिशेब त्याने बसवला. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल त्याच हिशेबावर बांधले गेले. नादाच्या शास्त्राने आखलेल्या सभागृहांत त्याचा मान पहिला मानतात.

सॅबाइनला निनाद कमी करायचा होता. तो वाढवण्याची गरज ज्याला पडली, तो गृहस्थ जन्मला त्याच १८९५ साली, इलिनॉय राज्यातल्या एव्हनस्टन गावी. त्याचे नाव लॉरेन्स हॅमंड. व्यवसायाने अभियंता. आमच्या पेटीचे कूळ या हॅमंडपर्यंत पोचते, आणि गंमत अशी की त्याची कथा सुरू होते ती घड्याळापासून.

अमेरिकेत घरोघर येणारी वीज सेकंदाला साठ वेळा मागेपुढे होते. आपल्याकडे आणि युरोपात पन्नास वेळा. १९१६ साली हेन्री वॉरन या संशोधकाने बॉस्टनच्या वीजकेंद्रात आपले घड्याळ बसवले आणि विजेचा हा ठेका बिनचूक राखता येतो हे दाखवून दिले. वीज अशी लयीत चालू लागली, तर तिच्या ठेक्याला बांधलेली मोटर घरातले घड्याळही बिनचूक चालवणार. हॅमंडने तशी स्वतःची मोटर बनवली आणि १९२८ साली घड्याळांची कंपनी काढली. त्याची सुरुवातीची घड्याळे आपण होऊन चालत नसत. हाताने एक गिरकी द्यावी लागे. एकदा विजेशी पाऊल जुळले की मग चिंता नाही. पुढे मंदीचे दिवस आले, घड्याळांचा बाजार बसला, तेव्हा या कल्पक माणसाने १९३२ साली पत्ते आपोआप पिसून वाटणारे विजेचे टेबलही विकून पाहिले.

मग त्याला सुचला ऑर्गन. त्याच मोटरवर दाते असलेली एक्याण्णव लहान लोखंडी चाके फिरवायची, आणि प्रत्येक चाकापुढे तारेचे वेटोळे गुंडाळलेला एक चुंबक ठेवायचा. दाता चुंबकासमोरून गेला की वेटोळ्यात विजेचा लहानसा झटका उठतो. असे झटके सेकंदाला किती उठतात, त्यावर स्वर ठरतो. १९३४ साली त्याला या वाद्याचे पेटंट मिळाले आणि १९३५ साली ते बाजारात आले. विजेचा ठेका ढळत नाही, म्हणून ते वाद्यही कधी बेसूर होत नाही. मात्र साठाच्या ठेक्याचा हा ऑर्गन आपल्या पन्नासाच्या विजेवर जसाच्या तसा लावला तर काय होईल? साठ आणि पन्नास यांचे नाते सहास पाचाचे. संगीत जाणणाऱ्यांनी गणित करून पाहावे: वाजवणारा षड्ज दाबील, आणि बाहेर पडेल तो नेमका मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत! म्हणूनच परदेशांसाठी पन्नासाच्या विजेवर चालणारे ऑर्गन निराळे बनवावे लागत.

१९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या भव्य प्रार्थनामंदिरात या ऑर्गनची आणि तिथल्या नळ्यांच्या अवाढव्य ऑर्गनची, ऐकणाऱ्यांना न दाखवता, तुलना करून पाहण्यात आली. कोणता कोणता हे श्रोत्यांना अनेकदा सांगता आले नाही. माझ्या मते त्या यशात त्या मंदिराच्या दगडी भिंतींचाही वाटा असला पाहिजे. कारण तेच वाद्य गालिचे आणि पडदे असलेल्या दिवाणखान्यात ठेवले की त्याचा आवाज कोरडा पडे. गिऱ्हाईक कुरकुर करी, आणि त्याच्या घराचे प्रार्थनामंदिर करून देणे तर कंपनीच्या हाती नव्हते.

इथे आमच्या टेलिफोनवाल्यांची विद्या हॅमंडच्या कामी आली, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत दूरच्या टेलिफोनवर आवाज पोचायला लागणारा उशीर अभ्यासायचा होता. त्यासाठी शेकडो मैल तार कुठून आणायची? तिथल्या शास्त्रज्ञांनी स्प्रिंग वापरली. स्प्रिंगच्या एका टोकाला दिलेला पीळ वळशावळशातून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वेळ जातो. शिवाय तो तिथे आपटून परत फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा फिरतो. टेलिफोनवाल्यांना त्यातला उशीर हवा होता. हॅमंडला त्यात निनाद दिसला. त्याची पहिली स्प्रिंगयंत्रे मोठी उंच असत, आणि त्यातल्या काही स्प्रिंगा आवरून धरण्यासाठी तेलाने भरलेल्या नळ्यांत बुडवलेल्या असत. पुढे गळ्यातल्या हारासारख्या टांगलेल्या स्प्रिंगांची रचना आली. तिला 'नेकलेस' असेच नाव पडले. शेवटी १९६० च्या सुमारास हॅमंडच्या अभियंत्यांनी ती सुटसुटीत, आडवी, सतरा इंची पेटी सिद्ध केली. तिच्यातल्या दोन मार्गांनी आवाजाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला सेकंदाचे हजारावे भाग म्हणाल तर तेहतीस आणि एकेचाळीस लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे अकरा आणि चौदा मीटर जातो. म्हणजे एका हातात मावणाऱ्या डब्यात चांगले सभागृह घडी घालून ठेवल्यासारखेच झाले.

गिटारवाल्यांच्या हाती ही पेटी दिली ती लिओ फेंडर याने. हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली फुलर्टन गावी त्याने दुकान थाटले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वादकांचे म्हणणे तो कान देऊन ऐके. १९६१ साली त्याने हॅमंडच्या स्प्रिंगांची पेटी घातलेले रिव्हर्बचे वेगळे यंत्र बाजारात आणले, आणि १९६३ साली ती पेटी थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या आत बसवली. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तरुणांचे जे 'सर्फ' संगीत त्या काळी कॅलिफोर्नियात गाजले, त्याचा तो ओलसर, खळाळता गिटारनाद याच पेटीतला. १९६५ साली फेंडरने आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. हॅमंड १९७३ साली वारला. पेटी मात्र राहिली. आजही ती जवळजवळ त्याच मापाची बनते, म्हणूनच इतक्या वर्षांनी दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरला नवी मिळू शकली.

*

आता भुंग्याकडे वळू.

पेटीच्या पोटात स्प्रिंगांच्या टोकांशी तांदळाच्या दाण्याएवढाले चुंबक असतात. एका टोकाला अ‍ॅम्प्लिफायर वेटोळ्यातून वीज सोडतो. तिथला चुंबक थरथरतो आणि स्प्रिंगला पीळ देतो. हे बोलणारे टोक. दुसऱ्या टोकाचा चुंबक त्या पिळाने हलतो आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज उठवतो. हे ऐकणारे टोक. हॅमंडच्या ऑर्गनातले चाक आणि वेटोळे जे करी, तेच इथे निराळ्या वेषात चालते. ऐकणाऱ्या टोकाची वीज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्ट. म्हणून पुढचा व्हॉल्व्ह तिला पुष्कळ मोठी करतो. म्हणजे या टोकाला कुजबुज ऐकायचे काम दिलेले आहे. आणि कुजबुज ऐकणाऱ्या कानाला शेजारची भांडणेही ऐकू येणारच!

म्हणून गुणगुण कुठून शिरते ते शोधायला मी बसलो. पहिली परीक्षा सोपी. रिव्हर्बचे बटण शून्यावर नेले, गुणगुण थांबली. म्हणजे बाकीचा अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष, दोष पेटीच्या वाटेवर.

दुसरी परीक्षा कानाची. विजेची गुणगुण दोन प्रकारची असते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उलटसुलट वीज सरळ केली जाते, तेव्हा पन्नास हेलकाव्यांचे शंभर धक्के होतात. त्यांना शांत करणारे कंडेन्सर म्हातारे झाले की शंभराची गुणगुण येते. उलट ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व बाहेरून शिरले, तर मुख्यतः पन्नासाची. मी पुतणीला गिटारची सहावी तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडायला सांगितले. तो स्वर पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनांचा, म्हणजे शंभराच्या अगदी शेजारचा. तिने कान देऊन ऐकले आणि म्हणाली, "काका, गुणगुण हाच स्वर आहे, किंचित चढा, पण एक सप्तक खाली." शाबास! म्हणजे पन्नास. कंडेन्सर सुटले.

तिसरी परीक्षा जोडण्यांची. या पेट्यांवर अक्षरे-आकड्यांची एक ओळ असते. माझ्या पेटीवर होती, ४ ए बी ३ सी १ बी. पहिला आकडा पेटीचा प्रकार सांगतो, नंतरची दोन अक्षरे दोन्ही टोकांच्या वेटोळ्यांचा विद्युतरोध, तीन म्हणजे लांब निनाद, शेवटचे अक्षर पेटी कशी ठेवायची ते. पण गुणगुणीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पाचव्या जागेवरचे अक्षर: कोणत्या टोकाची बाहेरची कडी पत्र्याला जोडलेली आहे आणि कोणत्या टोकाची सुटी आहे. 'सी' म्हणजे बोलणारे टोक सुटे आणि ऐकणारे पत्र्याला जोडलेले. जिथे एकच जोड हवा तिथे दोन्ही टोके पत्र्याला जोडली गेली, तर जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा होतात. दोन वाटांचे एक कडे बनते, आणि त्या कड्यात विजेची प्रदक्षिणा सुरू होते. पेटीचा पत्रा अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला नकळत टेकला तरी तेच होते. म्हणून तर ती रेक्झिनच्या पिशवीत असते. मीटरने पाहिले: एक टोक जोडलेले, एक सुटे, बोलणाऱ्या वेटोळ्याचा रोध एक ओहमहून कमी, ऐकणाऱ्याचा सुमारे दोनशे. सगळे जिथल्या तिथे. तारांवरचे जाळीचे वेष्टणही शाबूत.

इतके होऊनही भुंगा हलेना. तेव्हा शेजारचा एक हौशी मुलगा, जो लाऊडस्पीकरची कामे करतो, सहज म्हणाला, "काका, प्लगची तिसरी पिन काढून टाका. अर्थ तोडला की गुणगुण जाते."

हे मात्र मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. काही गुणगुणी त्याने जातातही. पण ती तिसरी पिन गुणगुणीसाठी नाही, जिवासाठी आहे. आत कुठे वीज सांगाड्याला लागली, तर जमिनीत जायला तिला तीच वाट असते. ती वाट तोडली की पुढची वाट गिटारच्या पोलादी तारांतून वादकाच्या बोटांत, आणि दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरला असेल तर थेट छातीतून. शिवाय व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात चारशे व्होल्टपर्यंत वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरांत काही काळ दबा धरून बसते. माझ्या पुतणीच्या हातात ती गिटार जाणार होती. मी त्या मुलाला चहा पाजला आणि पिनेला हात लावू दिला नाही.

पण मनातून मी वैतागलो होतो, आणि वैतागलेला माणूस दोष द्यायला दुसरा माणूस शोधतो. मी दुकानदाराला फोन लावला आणि नको ते बोललो. "शेठ, तुम्ही मला खोटा माल दिलात!" तो शांतपणे म्हणाला, "काका, पेटी घेऊन या, पैसे परत देतो. दिवाळीला वाद नको."

वसुबारसेच्या संध्याकाळी पेटी परत करायची म्हणून मी पिशवी उचलू लागलो. अ‍ॅम्प्लिफायर चालूच होता, बटण चारावर, तारा जोडलेल्या. पिशवी हातात वळली, आणि गुणगुण एकदम खाली गेली. पुन्हा सरळ केली, वाढली. पुन्हा वळवली, उतरली. मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. मागून पाहिले तर मोठा ट्रान्सफॉर्मर सांगाड्याच्या डाव्या टोकाला, आणि मी पेटीचे ऐकणारे टोक नेमके त्याच्याच खाली बसवलेले! दोन्ही तारा दोन्हीकडे पोचत होत्या, म्हणून मला संशयच आला नव्हता. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व अंतराबरोबर झपाट्याने कमी होते; अंतर दुप्पट केले तर ढोबळमानाने आठवा हिस्सा उरतो. पेटी उलट फिरवली की ऐकणारा कान सतरा इंच लांब जातो. एवढाच काय तो उपाय.

पेटीत दोष नव्हता. कान जितका तिखट तितका निनाद सुरेख, आणि तितकीच शेजाऱ्याची बाधा जास्त. त्याला बहिरा करून चालत नाही, योग्य जागी बसवावा लागतो. आणि शेजारी तरी कोण? ज्या विजेच्या ठेक्यावर हॅमंडने घड्याळे चालवली, ज्याच्या आधारे त्याचा ऑर्गन सुरात राहिला, तोच ठेका त्याच्या तिसऱ्या अपत्याच्या कानाशी गुणगुणत होता. घड्याळाला जो गुरू, तो पेटीला वैरी. वीज तीच.

पिशवी फिरवून ठेवण्यापूर्वी तळाची फळी पुसावी म्हणून मी फडका घेतला. चाळीस वर्षांची धूळ निघाली, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले दिसले. दादाचे अक्षर, ते किरटे, उजवीकडे कललेले. एक बाण काढलेला, आणि शेजारी: "आऊटपुट उजवीकडे. नाहीतर घूं. १९८४."

म्हणजे हा भुंगा दादालाही भेटला होता. त्यानेही असेच आठ दिवस घालवले असतील. आम्हाला कधी बोलला नाही. पुढे ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी मात्र लिहून ठेवले. ते मी वाचले शेवटी. टेलिफोन खात्यात नव्या पोरांना मी नेहमी बजावत असे, की यंत्राला हात लावण्यापूर्वी आधीच्या माणसाने काय लिहून ठेवले आहे ते पाहावे! मी वहिनींना हाक मारली. त्या आल्या, खाली वाकल्या, चष्मा सारखा करून त्यांनी ती ओळ वाचली, आणि पदराच्या टोकाने तिच्यावरची उरलेली धूळ फार हलक्या हाताने टिपली.

धनत्रयोदशीला फराळाचा डबा घेऊन मी लॅमिंग्टन रस्त्यावर गेलो. शेठना म्हटले, "चूक माझी होती. तुमचा माल खरा." ते हसले, डबा उघडला, चकली मोडून पाहिली आणि म्हणाले, "काका, हाही माल खरा आहे."

नरक चतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नानानंतर, दादाचे सात-आठ मित्र खोलीत दाटीवाटीने बसले. पुतणीने रिव्हर्ब तिनावर ठेवला. पहिला स्वर छेडण्याआधीच्या शांततेत कान देऊन ऐकले तर अगदी बारीक गुणगुण अजून होतीच. अशी यंत्रे पूर्ण मुकी कधीच नसतात. मी ओशाळून वहिनींकडे पाहिले.

"राहू द्या भावोजी," त्या हळूच म्हणाल्या. "एवढी तर ह्यांच्या वेळीही असायची. ती ऐकू आली की मला कळायचं, आता वाजवायला सुरुवात करतील."

आणि पुतणीने तार छेडली.